उजवी बाजू वर

लॉस एंजेलिस, ९ मार्च १९१६

नामि,

पत्राच्या वर थोरल्या बहिणीनं आशीर्वाद लिहायचा असतो. तो मी लिहिलेला नाही, आणि विसरले म्हणून राहिलाय असं समजू नकोस.

तुझं पाकीट काल मिळालं. कॅलिफोर्नियात गोऱ्याचं आणि आपल्या जपान्यांचं लग्न कायद्याला मंजूर नाही, न्यू मेक्सिकोत आहे, म्हणून तिकडे गेलो, असं तू लिहितेस. कायदा मला माहीत आहे. या रस्त्यावरच्या प्रत्येकाला माहीत आहे. मी विचारते ते कायद्याचं नाही. सकाळी भाताचं पातेलं उतरवून तुला हाक मारली तर तुझं अंथरूण घडी करून कोपऱ्यात ठेवलेलं. बारा वर्षांत तू कधी अंथरुणाची घडी घातली नाहीस. तेवढ्यावरूनच मी ओळखलं की ही गेली.

आणि गेलीस ती कोणाबरोबर, तर त्या एल्मरबरोबर. तुझ्या सिनेमाच्या स्टुडिओत कापडावर डोंगर रंगवणारा. त्यानं रंगवलेल्या फुजी पर्वताला दोन शेंडे होते, हे तूच मला हसत हसत सांगितलं होतंस. तेव्हाच मला कळायला हवं होतं. ज्याच्या चुका मुलगी इतक्या कौतुकानं सांगते, त्याच्याशी ती लग्न करणार.

तुझी काम टाकून जायची हौस झाली, पण मागे काय झालं ते ऐक. स्टुडिओचा मॅनेजर आपल्या खाणावळीत आला. जोडे न काढता थेट चटईवर. सगळे भाडेकरू जेवायला बसलेले. तुझ्या करारावर पालक म्हणून माझी सही आहे, ती त्यानं नाचवून दाखवली. सिनेमा अर्धा झालाय, मुलगी गायब आहे, सिनेमा बुडाला तर तुम्हाला कोर्टात उभं करू, आणि या खोलीतल्या एकालाही पुन्हा काम देणार नाही. जेवायला बसलेल्या कुमातारोनं मला हे सगळं जपानीत सांगितलं, आणि सांगताना शिव्या गाळल्या असाव्यात, कारण मॅनेजर बोलला बराच वेळ आणि कुमातारोनं सांगितलं थोडं.

मग मॅनेजरनं माझ्याकडे नीट पाहिलं. पुढे आला, मागे गेला, डोळे बारीक केले.

"ही कोण?"

"बहीण," कुमातारो म्हणाला. "थोरली. विधवा आहे. खाणावळ चालवते."

"चालेल."

"साहेब, ती एकतीस वर्षांची आहे. पोरगी वीसची होती."

"पावडर लावली की कोण ओळखतंय? तुमचे चेहरे असेही सारखेच असतात."

मी मुळ्याचं लोणचं वाढत होते, ते वाढत राहिले. ज्या धंद्यावर मी रोज थुंकत होते, ज्यावरून तुझ्याशी रोज भांडत होते, त्या धंद्यात सोमवारपासून मला जायचं आहे. तुझ्या जागी, तुझ्या नावानं.

गावी बाबांना काय सांगू, असं तू विचारतेस. तू काही सांगायचं नाहीस. बाबांना काय कळवायचं ते मी ठरवीन.

सोनो


लॉस एंजेलिस, १७ एप्रिल १९१६

नामि,

माझं सिनेमाचं काम आज संपलं. तोंडावरची पावडर अजून कानामागे आहे.

तू मला कधी सांगितलं नव्हतंस की यांच्यात शेवट आधी करतात. तुझं मरण फेब्रुवारीतच उरकलं होतं. विष घेऊन पांढऱ्या किमोनोत चटईवर आडवी झालीस, त्यांनी तुझे फोटो काढले आणि तू एल्मरबरोबर चालती झालीस. मरून झाल्यावर जगायचं काम राहिलं ते माझ्या वाट्याला. बंदरावर आरमारातल्या अमेरिकन साहेबाला पहिल्यांदा बघायचं, त्याला चहा द्यायचा, पंख्याआडून लाजायचं, तो गेल्यावर खांबाला टेकून उभं राहायचं. पंखा तोंडाशी धरून लाजणारी बाई मी आपल्या गावात जन्मात पाहिली नाही. आपल्या गावच्या बायका मासळी साफ करत पुरुषांना नावं ठेवतात.

"अजून लाज," डायरेक्टर भोंग्यातून ओरडायचा. "तुमच्या देशात बायका लाजतात ना?"

"काय म्हणाला?" मी कुमातारोला विचारलं.

"म्हणाला, छान चाललंय."

कुमातारोला तर तू ओळखतेसच. आपल्या खाणावळीतला सगळ्यात भित्रा माणूस. झुरळ दिसलं तर मला हाक मारतो. इथं तो दर सिनेमात गोऱ्या बायकांना पळवून नेतो. परवा जेवताना म्हणाला, "वहिनी, आज दोघींना उचललं. दुसरी चांगली धष्टपुष्ट होती. पाठीत उसण भरली, जरा तेल असेल तर द्या." सगळे हसले. मग तोच म्हणाला की फर्स्ट स्ट्रीटवरच्या आपल्या जपानी न्हाव्यानं त्याचे केस कापायला नकार दिला. तुझ्यासारख्यांमुळे आम्हाला गोरी पोरं दगड मारतात, असं तो न्हावी म्हणाला. कुमातारोनं घरी येऊन माझ्याच कात्रीनं स्वतःचे केस कापले, ते वाकडे झाले.

आता तुझ्या किमोनोबद्दल. पहिल्याच दिवशी ती कपडेवाली मेम मला नेसवायला आली. या मेमांच्या कोटाची उजवी बाजू वर येते, म्हणून तिनं माझ्या किमोनोचीही उजवी बाजू वर ओढली आणि पट्टा आवळला. मी आरशात पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. जिवंत माणसाची डावी बाजू वर असते, उजवी बाजू वर घेऊन आपण फक्त मड्याला नेसवतो. आईला मी माझ्या हातानं तसं नेसवलं होतं. तू दाराशी बसून रताळं खात होतीस, तुला आठवणार नाही.

मी सोडलं आणि नीट नेसले. तिनं परत सोडलं. मी परत नेसले. शेवटी डायरेक्टर आला, तुझा मरणाचा फोटो माझ्या नाकासमोर धरला. त्यात तू उजवी बाजू वर घेतलेली. आधीच्या फोटोशी जुळायला हवं, म्हणाला. तुला माहीत नव्हतं का? चुकून माहीत नसेल असं मी स्वतःला समजावत होते, पण कुमातारो म्हणाला, नामिला माहीत होतं, तिनं एकदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. "भांडून उपयोग नाही, वहिनी. मीही चार वर्षं मड्यासारखाच नेसतोय."

तू सोडून दिलंस म्हणून मी महिनाभर मड्यासारखी नेसून प्रेम केलं.

आणि प्रेम तरी कसलं. साहेब गुडघ्यावर बसून माझा हात धरतो, तोंड जवळ आणतो, इतक्यात डायरेक्टर थांबवतो. मला बाजूला करतात. मग एक मिस ड्यूप्रे येते, चांगली उंच, सोनेरी केसांवर काळा टोप, डोळ्यांच्या कडा चिकटपट्टीनं कानाकडे ताणलेल्या. ती माझ्या जागी बसते आणि साहेब तिचा मुका घेतो. गोऱ्यानं आपल्यातल्या बाईचा मुका घेतलेला लोकांना चालत नाही, मुका घेताना बाई आतून गोरी लागते. प्रेम मी करायचं, मुका तिनं घ्यायचा, मरायचं तू. एक जपानी बाई करायला तिघी लागल्या.

मिस ड्यूप्रे वाईट नव्हती. चिकटपट्टी काढताना तिच्या कानाजवळचं कातडं सोलवटलं होतं. मी तिला माझ्याकडचं मलम दिलं.

तुझा तो मरणाचा फोटो स्टुडिओनं जाहिरातीसाठी छापलाय. डोळे मिटलेले, छातीवर हात, पांढरी पावडर, उजवी बाजू वर. त्यातला एक मी मागून घेतला आणि बाबांना पाठवला. सोबत एक अक्षर लिहिलं नाही. पाकिटावरचा पत्ता कुमातारोकडून लिहून घेतला, कारण त्या घाणीवर मला माझं नाव नको होतं. तुमची धाकटी अमेरिकेत काय करते ते बाबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. मी बारा वर्षं चांगलं चांगलं लिहून पाठवत आले, आता कंटाळले.

तुला राग येईल. यावा.

सोनो


लॉस एंजेलिस, २२ जून १९१६

नामि,

ऐक आणि बसून ऐक.

टर्मिनल बेटावरच्या होड्यांवर आपल्या गावचा एक पोरगा आहे, तोराजी. काल तो मासे द्यायला आला तो टोपी काढूनच दारात उभा राहिला. मी म्हटलं, आत ये, असा काय उभा? तर म्हणाला, "गावाहून काकांचं पत्र आलं. तुमच्या घरी क्रियाकर्म झालं म्हणे. अमेरिकेतली मुलगी वारली म्हणून. फोटो ठेवला होता, देवळातल्या गुरुजींनी मंत्र म्हटले, सगळा गाव जेवला. मला माहीतच नव्हतं, ताई. नामि इतकी लहान होती हो."

मला आधी काही समजेना. मग समजलं. फोटो. मिटलेले डोळे, उजवी बाजू वर, सोबत पत्र नाही, पाकिटावर परक्याचं अक्षर. आपल्याकडे असा फोटो घरी आला तर दुसरा कोणता अर्थ लावतील? सिनेमा हा प्रकार बाबांनी पाहिलेला नाही. त्यांना वाटलं, कोणीतरी प्रेताचा फोटो काढून कळवलंय.

तोराजीला मी सांगायला हवं होतं, अरे बाबा, ती जिवंत आहे, वाळवंटात एका रंगाऱ्याच्या घरी अंडी तळते आहे. मी म्हटलं, "देवाची मर्जी." त्याच्याकडून बांगडा घेतला.

हे मी तुझ्यापासून लपवत नाही. तू बाबांसाठी मेलीस. कोणी मारलं म्हणशील तर तू स्वतःच त्या चटईवर आडवी झालीस, मी फक्त टपालात टाकलं. आणि खरं सांगू? काल मला शांत झोप लागली. आता गावात कोणी म्हणणार नाही की त्यांची पोरगी गोऱ्याबरोबर पळाली. मेलेल्या मुलीला कोणी नावं ठेवत नाही. घरच्या देव्हाऱ्यात मृताची नवी पाटी लागली असेल, त्यावर गुरुजींनी तुला दिलेलं मरणोत्तर नाव असेल. इतकं चांगलं नाव जिवंतपणी तुला मिळालं नसतं.

तू म्हणशील, मी स्वतः पत्र लिहिते. खबरदार. बाबांचं हृदय कसं आहे ते तुला माहीत नाही, मला माहीत आहे. क्रियाकर्म करून बसलेल्या म्हाताऱ्याच्या हातात त्याच मुलीचं पत्र पडलं तर तो जागच्या जागी जाईल. ते पाप तुझ्या माथी. मीही काही लिहिणार नाही. खोटं लिहायचं नाही आणि खरं लिहायचं नाही, म्हणून मी आता त्यांना पत्रच लिहीत नाही.

सोनो


लॉस एंजेलिस, २० ऑगस्ट १९१६

नामि,

तुझी दोन पत्रं आली. पहिलं शिव्यांचं, दुसरं रडण्याचं. पहिलं मला आवडलं.

मूल होणार आहे असं लिहितेस. जपून राहा. खारे मासे खाऊ नकोस, पाय सुजतील. हे मी कोणत्याही बाईला सांगितलं असतं.

मुलाच्या आजोबांना नातवंड होणार आहे एवढं तरी कळू दे, असं म्हणतेस. मुलाच्या आजोबांना तू आहेस हेच माहीत नाही. या महिन्यात गावात पितरांचे दिवस झाले. पहिल्या वर्षाच्या मृतासाठी पांढरा कंदील टांगतात, तो आपल्या दारात टांगला असेल. तुला वाट दिसावी म्हणून. तो बघून तू घरी आली असशील तर मला कळव.

मी असं लिहिते आणि मग चुलीपाशी जाऊन बसते, हेही सांगते. मला याचा आनंद होत नाही. पण राग आहे तो आहे. बाबांनी मला परदेशात, कधी न पाहिलेल्या माणसाच्या घरी पाठवलं आणि आठ वर्षांच्या तुला माझ्या बोटाला धरून दिलं, कारण आई नव्हती आणि होडीवर मुलीला कोण सांभाळणार. नवरा गेला तेव्हा परत जायचं म्हटलं तर तुझी शाळा होती. दुसरं लग्न करायचं म्हटलं तर तुझा खोकला होता. तुझ्यासाठी मी काय काय केलं नाही ते तुला कळलं नाही, आणि तू एका सकाळी अंथरुणाची घडी घालून गेलीस. त्या माणसावर तुझं प्रेम आहे असं लिहितेस. असेल. माझ्यावर कोणाचं होतं?

असो. सिनेमा लागला. मी गेले होते, कुमातारोबरोबर. आपल्याला वर माडीवर बसवतात, तिथून बरं दिसतं. पियानोवाला आपली बाई आली की टिंगटिंग असं काहीतरी वाजवायचा आणि खाली बसलेले लोक हसायचे. कुमातारो पडद्यावर सुरी घेऊन आला तेव्हा एक मुलगा किंचाळला. कुमातारो माझ्या कानात म्हणाला, "बघा, माझं काम चांगलं झालंय." पण त्यानं टोपी खाली ओढून घेतली, बाहेर पडेपर्यंत वर केली नाही.

चहाचा प्रसंग आला. एक हात चहा ओततो. तो हात तुझा की माझा ते मला कळेना, नामि. तू फेब्रुवारीत केला होतास का तो भाग? मनगट माझ्यासारखं, बोटं तुझ्यासारखी. मी अख्ख्या सिनेमाभर शोधत होते, ही मी, ही ती. काही ठिकाणी मला माझाच चेहरा ओळखता आला नाही. त्या मॅनेजरचं खरं ठरलं म्हणून मला इतका संताप आला की हातातलं तिकीट मी चावून टाकलं.

शेवटी तू मेलीस. साहेब आपल्या गोऱ्या वाग्दत्त वधूला घेऊन आगबोटीवर चढला. माडीच्या कठड्याखालच्या रांगेतली मेम रुमालानं डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, "बिचारी. पण बरंच झालं, दुसरं काय होणार होतं तिचं?" कुमातारोनं मला त्याचा अर्थ सांगितला. आणि मला जाणवलं की हेच वाक्य मी जूनपासून रोज तुझ्याबद्दल म्हणते आहे.

म्हणून मी बाबांना लिहीन असं समजू नकोस. मला अजून वेळ हवा आहे. तू थांब. मी सांगेपर्यंत लिहायचं नाही.

सोनो


लॉस एंजेलिस, ११ ऑक्टोबर १९१६

नामि,

हे पत्र मी कितीदा फाडलं ते सांगत नाही.

गावी आपल्या शेजारी राहणाऱ्या तात्सु काकू आठवतात का? त्यांचा मुलगा टर्मिनल बेटावर असतो, त्यानं त्यांना बोलावून घेतलं. परवा आगबोटीतून उतरल्या आणि मुलाला घेऊन थेट आपल्याकडे आल्या. मी मोरीकडे तोंड करून मुळा किसत होते. मागून आवाज आला.

"नामि का गं तू? केवढी मोठी झालीस."

आवाज मी लगेच ओळखला. हसत वळले. काकूंनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांच्या हातातली टोपली खाली पडली. त्यांनी आधी काय केलं माहीत आहे? माझ्या पायांकडे पाहिलं. भुताला पाय नसतात, म्हणून. मग भिंतीला चिकटून अमिदा बुद्धाचं नाव घ्यायला लागल्या.

"काकू, अहो मी सोनो."

"माहीत आहे गं बाई तू सोनो. म्हणूनच म्हणते, जा परत. मी तुझं जेवण जेवलेय. चांगलं झालं होतं, काही राहिलं नव्हतं. कशाला आलीस?"

"काकू, मी मेले नाही."

"मेलेले असंच म्हणतात."

त्यांच्या मुलानं त्यांना धरून बसवलं. मी गरम चहा दिला. त्यांनी तो आधी मला प्यायला लावला, मग स्वतः घेतला. आणि मग मला सगळं कळलं. तुला कळलं असेल. नसेल तर लिहिते, कारण मला ते एकदा कागदावर लिहायचंच आहे.

बाबांनी तुझा फोटो ओळखला नाही. कसा ओळखणार? त्यांच्या डोळ्यांसमोरची नामि आठ वर्षांची, नाकाला शेंबूड असलेली. वीस वर्षांची नामि त्यांनी पाहिलीच नाही. त्या वयाची एकच मुलगी त्यांनी पाहिली होती. बंदरावर मला आगबोटीत चढवलं तेव्हा मी एकोणीसची होते. त्यांनी तो फोटो हातात घेतला, माझ्या लग्नाआधीच्या फोटोशेजारी ठेवला, तेच नाक, तीच हनुवटी, आणि म्हणाले, सोनो गेली. गुरुजींनी पाहिलं, तेही म्हणाले सोनो. सगळ्या गावानं ओळखलं. मग माझी पत्रं यायची बंद झाली. त्यांना आणखी कोणता पुरावा हवा होता?

देव्हाऱ्यात पाटी लागली आहे ती माझी. पांढरा कंदील टांगला तो माझ्यासाठी. तोराजी "मुलगी" म्हणाला होता, नाव त्याच्या काकांनी लिहिलं नव्हतं, आणि मी त्याच्यासमोर उभी होते म्हणून त्यानं नामि धरलं. मीही तेच धरलं. मला तेच हवं होतं.

काकू म्हणाल्या, क्रियाकर्मानंतर बाबांना झटका आला. डावा हात उचलत नाहीत. तरी रोज सकाळी उजव्या हातानं भाताची वाटी माझ्या पाटीपुढे ठेवतात आणि तिथंच बसून राहतात. आई गेली तेव्हा ते रडले नव्हते, मी पाहिलंय. या वेळी रडले, असं काकू म्हणतात. "थोरलीच्या गळ्यात मी सगळं बांधलं आणि तिनं एकदाही तक्रार लिहिली नाही," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मी तक्रार लिहिली नाही म्हणे. ज्या एका पाकिटात न लिहिता घातली ती त्यांना अशी पोचली.

आणि ऐक, काकूंनी तुझ्यासाठी निरोप आणला आहे. बाबांनी तो त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतला, चुकू नये म्हणून. मी जसा ऐकला तसा लिहिते.

"नामिला सांगा, एकटी राहू नको. तिकडे आता तुझं कोणी नाही. जो कोणी बरा माणूस भेटेल त्याच्याशी लग्न कर, कुठल्याही गावचा असो, कुठल्याही देशाचा असो, मी विचारणार नाही. फक्त जिवंत आहेस एवढं मला लिही."

म्हणजे माझं क्रियाकर्म झाल्यापासून ते तुझ्या पत्राची वाट बघत असतील आणि तू लिहू नयेस म्हणून मी तुला दटावत होते. ज्या परवानगीसाठी तू माझ्यापुढे नाक घासत होतीस ती त्यांनी न मागता देऊन टाकली होती. माझ्या प्रेतावर हात ठेवून दिली, असं म्हण.

काल मी त्यांना पत्र लिहायला बसले. "बाबा, मी सोनो" एवढं लिहिलं आणि हात थांबला. मी तुला जूनमध्ये जे लिहिलं ते उगाच भीती घालायला लिहिलं होतं, पण आता ते खरं झालं आहे. अर्धं अंग गेलेल्या माणसाच्या हातात मेलेल्या मुलीचं अक्षर पडलं तर काय होईल? काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे बघ. मी धडधाकट बाई, तरी अजून तुझ्या पायांकडे बघते आहे."

तेव्हा हे आता तुझ्या हातात आहे. बाबा ज्याची वाट बघताहेत ते पत्र तुझं आहे. तुझी अक्षरं वाकडी आहेत, गुरुजी वाचून दाखवतील. आधी लिही की तू जिवंत आहेस. मग एल्मरचं लिही, दोन शेंड्यांच्या डोंगराचंही लिही, ते हसतील. मग मुलाचं लिही. त्यांना जरा बळ येऊ दे. मग एखाद्या पुढच्या पत्रात, हळूच, त्या फोटोचं लिही. तो सिनेमातला होता, त्यात नामि होती, आणि ताई इथं भात शिजवते आहे.

माझा राग गेला आहे असं मी लिहीत नाही. तू न सांगता गेलीस ते मला अजून सलतं. पण माझ्या रागाच्या जोरावर मी आता कोणालाच काही करायला लावू शकत नाही, तुला तर नाहीच. बाबांच्या घरात सध्या एकच मुलगी जिवंत आहे आणि ती तू आहेस. माझं नाव पत्रात घालायचं की नाही ते तू ठरव. नाही घातलंस तरी मी तुला विचारणार नाही. त्या फोटोसोबत मीही तुझं घातलं नव्हतं.

सोनो